बेने इस्राएल भगिनींचे मंडळ आणि आपली खोली

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पापडाचे प्रमाण, वाणसामानाची यादी आणि माहेरी चार ओळी, यापलीकडे मी कधी लेखणी चालविली नाही. पण मंडळाच्या खोलीचा प्रश्न अजून लोंबकळत आहे, आणि त्याविषयी मला जे बोलायचे होते ते सभेत बोलताना माझा गळा दाटून आला व मी खाली बसले. म्हणून ते आता कागदावर मांडीत आहे.

हकीगत तुम्हा सर्वांना ठाऊक आहेच. आपली खोली देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. गुरुवारी आणि पौर्णिमेला अक्कलकोटात यात्रेकरूंना पाठ टेकायला जागा मिळत नाही. एका गृहस्थांनी ही खोली भाड्याने मागितली. भाडे चांगले देत होते. आपल्याकडे मंगळवारी नि शनिवारी जमून जमून आठ-नऊ जणी येतात. तेवढ्यांसाठी खोली कशाला अडवून ठेवायची, कुणाच्या तरी ओसरीवर बसता येईल, आणि भाड्याच्या पैशांतून मुलींसाठी दोन शिवणयंत्रे घेता येतील, असा विचार पुढे आला. त्या सभेत खोली देण्याच्या बाजूने ज्यांनी हात वर केले त्यांत माझाही हात होता. हे मी लपवीत नाही. निर्णय मात्र वर्धापनदिनाच्या सभेपर्यंत पुढे ढकलला गेला.

मधल्या काळात मी ठाण्याला अडीच महिने राहून आले आणि माझे मत बदलले. ते कशाने बदलले हे सांगायचे तर कोकणातल्या एका लहानशा समाजाचा इतिहास सांगावा लागेल. तो इतिहास मला तिथे थोडा ऐकायला मिळाला, थोडा वाचनालयातल्या पुस्तकांत सापडला, आणि जो इंग्रजीत होता तो लेकीने वाचून मराठीत सांगितला.

आमच्या वन्संच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले म्हणून मी ठाण्याला गेले होते. त्यांच्या शेजारच्या घरात सत्तरीच्या एक बाई राहतात. सारे त्यांना मावशीच म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागले. नेसणे आपल्यासारखेच, गळ्यात काळी पोत, बोलणे अस्सल मराठी, आणि आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेले, शेवटी ‘कर’ असलेले. मी त्यांना कोकणस्थांपैकी समजले होते. एका शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे वाटीभर पिठीसाखर मागायला गेले तर घरात काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून वाती लावलेल्या, आणि ताटाशेजारी काळ्या मनुकांचे सरबत ठेवलेले. मी विचारले, “मावशी, आज काय आहे?” त्या म्हणाल्या, “अगं, आज आमचा शब्बाथ लागला. उद्या शनिवार. आम्ही यहुदी, बेने इस्राएल.”

मला तर यहुदी म्हणजे परदेशातले गोरे लोक एवढेच ठाऊक होते. आपल्या मुलांना ‘बूटपॉलिश’ चित्रपटातले प्रेमळ चाचा आवडतात, ते डेव्हिड याच समाजातले, त्यांचे आडनाव चेऊलकर, हेही मला तेव्हाच कळले.

या समाजात परंपरेने अशी कथा सांगतात की फार फार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना तिथेच पुरले. नवगावला त्या जागी आज स्मारक आहे. वाचलेल्यांजवळ ना पोथी राहिली ना पुजारी. त्यांनी कोकणातल्या खेड्यांत राहून तेल गाळण्याचा धंदा धरला. आपल्याकडे करडईचा घाणा असे तसाच त्यांचाही घाणा. मराठी हीच त्यांची भाषा झाली. परंतु शनिवार आला की त्यांचा बैल घाण्याला जुंपला जात नसे. म्हणून गावचे लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. पुष्कळ प्रार्थना विसरल्या गेल्या, पण मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम आणि हा शनिवार त्यांनी सोडला नाही. मावशींच्या घरी ज्या दिवशी मटण असते त्या दिवशी ताटात दही-दूध येत नाही, त्याऐवजी नारळाचे दूध वापरतात. नव्या वर्षाच्या सणाला त्या गव्हाच्या चिकाचा हलवा करतात, तोही नारळाच्या दुधात. चीक आपण कुरडयांसाठी काढतो तसाच.

त्यांच्या सणांची जुनी नावे ऐकून तर मी थक्क झाले. इब्री नावे नंतर आली. कोकणात असताना त्यांनी सणांना मराठीच नावे दिली होती. नवियाचा सण, खिरीचा सण, आणि एक दारफाळणीचा सण. या दिवशी कडकडीत उपास करायचा, दार लावून घरात राहायचे, कुणाशी व्यवहार करायचा नाही. आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारे उघडायची, गोरगरिबांना द्यायचे आणि आप्तेष्ट-मित्रांना भेटायला जायचे. मावशी म्हणाल्या, “दार लावले तर दुसऱ्या दिवशी ते उघडायचे, हेही सणातच बसविले होते बघ आमच्या वाडवडिलांनी.”

पुढे इंग्रजांच्या काळात पुष्कळ कुटुंबे कोकणातून मुंबईला आली. कुणी पलटणीत गेले, कुणी सुतारकाम व गवंडीकाम धरले, कुणी कचेरीत कारकून झाले. सामाजी हसाजी दिवेकर हे पलटणीतले अंमलदार म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले होते. तेथून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत पहिले यहुदी प्रार्थनामंदिर बांधले. हे लोक आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत, आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. नंतर १८४८ साली अलिबागला, १८७९ साली ठाण्याला प्रार्थनामंदिरे झाली. ठाण्याचे मंदिर टेंभी नाक्याच्या बाजूला आहे; वन्संना दवाखान्यात नेता-आणताना मी ते बाहेरून कितीदा पाहिले.

आता आपल्या कामाचा भाग येतो. प्रार्थनामंदिरात सार्वजनिक प्रार्थना व्हायची तर जुन्या रिवाजाप्रमाणे दहा पुरुष जमावे लागतात. बायका त्या दहांत धरल्या जात नसत. पुष्कळ ठिकाणी त्यांची बसण्याची जागा वर सज्जात असे. मग बायका एकत्र यायच्या कुठे? तर घरातच. लग्नाआधी नवरीला मेंदी लावायला, बाळंतिणीकडे, आणि मलिद्याला. एलियाहू पैगंबराच्या नावाने भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि वेलची घालून मलिदा करतात, भोवती फळे मांडतात आणि सगळ्यांनी मिळून तो खायचा. १८७४ साली पुण्याला त्यांच्या वल्हांडण सणाचे एक पुस्तक इब्री व मराठी अशा दोन्ही भाषांत छापले गेले. त्यात सणाची बिनखमिराची भाकरी करणाऱ्या बायकांची चित्रे आहेत. लेकीने मला ते चित्र फोनवर काढून दाखविले. लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पीठ मळताहेत, लाटताहेत. आपल्या पापडाच्या दिवशीची खोलीच जशी! या बायका सुद्धा कामाच्या निमित्ताने जमत आणि जमल्यावर सुखदुःख बोलत असणार, हे कुणी मला सांगायला नको.

१८८० सालापासून या समाजात मराठी कीर्तनेही होऊ लागली. आपल्यासारखेच पूर्वरंग, आख्यान, साक्या, दिंड्या. आख्यान मात्र योसेफाचे किंवा मोशेचे. कीर्तनाला बायका येऊन बसत. पण त्यांची स्वतःची अशी जागा अजून नव्हती.

ती जागा शिक्षणातून मिळाली. हाईम शमुवेल केहिमकर या गृहस्थांनी १८७५ साली मुंबईत या समाजाच्या मुलांसाठी शाळा काढली. हीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली. केहिमकरांनीच आपल्या समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहिला. तो १८९७ साली लिहून पुरा झाला, पण छापून निघाला १९३७ साली, त्यांच्या पश्चात. शिक्षणाची गोडी लागल्यावर मुलीही मागे राहिल्या नाहीत. रिबेका रूबेन या १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत साऱ्या इलाख्यात पहिल्या आल्या. मुलगी पहिली येण्याची ती पहिलीच वेळ. पुढे १९२२ पासून १९५० पर्यंत त्या कदूरी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या.

दुसऱ्या डॉक्टर जेरुशा झिराड. त्यांचे शिक्षण पुण्याच्या हुजूरपागेत झाले. लहानपणी त्यांची थोरली बहीण फार आजारी पडली होती. ती मुंबईच्या कामा हॉस्पिटलात एका बाई डॉक्टरांच्या हाताखाली बरी झाली, तेव्हाच या मुलीने ठरविले की मी डॉक्टर होणार, आणि याच हॉस्पिटलात काम करणार. डॉक्टरी शिकून त्या लंडनला गेल्या, १९१९ साली तिथली एम. डी. पदवी मिळविली, आणि १९२८ ते १९४७ पर्यंत त्याच कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिल्या. १९६६ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. बाळंतपणात बायका दगावू नयेत यासाठी त्यांनी आयुष्य वेचले.

याच काळात, १९१३ साली, मुंबईत बेने इस्राएल स्त्री मंडळ स्थापन झाले. डॉक्टर झिराडही या मंडळाच्या कामात होत्या. भगिनींनो, साल लक्षात घ्या. पुण्यात रमाबाई रानड्यांची सेवासदन १९०९ साली सुरू झाली, त्यानंतर चारच वर्षांनी. ज्या समाजात एकूण माणसेच काही हजार, त्यातल्या बायकांनी आपले वेगळे मंडळ काढले. घरातल्या मेंदी-मलिद्याला जमणाऱ्या बायका आता ठरलेल्या दिवशी ठरलेल्या कामाला जमू लागल्या. घरात जमायचे तर कुणाच्या तरी घरी कार्य असावे लागते. मंडळात जमायला कार्य लागत नाही, आणि जिच्या घरी कुणी येत नाही तीही येऊ शकते. मला वाटते, घर आणि मंडळ यांतला हाच खरा फरक आहे.

लंडनला शिकत असताना डॉक्टर झिराड यांची लिली माँटेग्यू नावाच्या यहुदी बाईंशी ओळख झाली. या बाईंचे काम कळले आणि मला ते फार मोठे वाटले. त्या श्रीमंत घरातल्या. पण १८९३ साली, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी, त्यांनी लंडनमध्ये गरीब यहुदी मुलींसाठी एक क्लब काढला. या मुली दिवसभर शिवणाच्या व असल्याच कारखान्यांत काम करीत. संध्याकाळी जायला जागा नाही, घरी एका खोलीत दहा माणसे. क्लबात त्यांना शिकायला मिळे, कवायत-व्यायाम करायला मिळे, गाणे म्हणायला मिळे आणि मुख्य म्हणजे मैत्रिणी मिळत. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, या क्लबाच्या इमारतीवर बॉम्ब पडला. आत असलेल्या कितीतरी जणांचा जीव गेला. इमारत जमीनदोस्त झाली. तरी लिलीबाईंनी क्लब बंद केला नाही. दुसऱ्या जागी पुन्हा सुरू केला. त्यांचे निधन १९६३ साली झाले.

व्यायामाचा विषय निघाला तर अमेरिकेतल्या एका मुलीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सेंडा बेरेन्सन ही लिथुआनिया देशातल्या यहुदी घरात १८६८ साली जन्मली आणि लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेला गेली. प्रकृती इतकी नाजूक की पाठदुखीने तिला पियानोसमोर बसवेना. शेवटी १८९० साली बोस्टनच्या व्यायामशिक्षणाच्या शाळेत तिने नाव घातले. सुरुवातीला तिला व्यायामाचा कंटाळाच होता. पण हळूहळू अंगात ताकद आली आणि तीच पुढे मुलींच्या कॉलेजात व्यायामशिक्षिका झाली. बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेत मुलांसाठी निघाला होता. पुढच्याच वर्षी या बाईंनी त्याचे नियम मुलींसाठी बेतून दिले. चेंडू हातातून हिसकावायचा नाही, मैदानाचे तीन भाग करून ज्या त्या मुलीने आपापल्या भागात खेळायचे. १८९३ साली मुलींचा सामना झाला तेव्हा पुरुष प्रेक्षकांना आत सोडले नव्हते म्हणे. आज आपल्या शाळांतल्या मुली जो खेळ खेळतात, त्यातला मुलींचा पहिला पाठ या अशक्त मुलीने घालून दिला.

अमेरिकेत यहुदी तरुणांच्या संस्था त्याआधीच निघाल्या होत्या. १८५४ साली बाल्टिमोरला, १८७४ साली न्यू यॉर्कला. तिथे वाचनालय, व्याख्याने आणि पुढे व्यायामशाळा असे. परक्या देशात नव्याने आलेल्या माणसाला तिथे भाषा शिकविली जाई. पुढे त्यांच्यातूनच आजची ‘ज्यू कम्युनिटी सेंटर’ म्हणजे समाजकेंद्रे तयार झाली. वाचनालयाशेजारी व्यायामशाळा कशाला, असे आपल्याला वाटेल. पण आपल्याकडेही औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांतून नेले, मुलींनाही शिकविले. आणि योगायोग असा की त्याच औंध संस्थानात याकूब बापूजी इस्राएल हे बेने इस्राएल गृहस्थ कारभारी होते.

आता या इतिहासातला अवघड भाग. १९४८ साली इस्राएल देश स्थापन झाला आणि बेने इस्राएल कुटुंबे तिकडे जाऊ लागली. इथे त्यांना कुणी त्रास दिला म्हणून नव्हे. आपल्या देशात यहुद्यांचा छळ झाला नाही, हे ते स्वतःच अभिमानाने सांगतात. धर्माची ओढ होती, मुलांच्या भवितव्याचा विचार होता. १९५१ च्या शिरगणतीत आपल्या देशात सुमारे सव्वीस हजार यहुदी होते. २०११ च्या शिरगणतीत साडेचार हजारांच्या आसपास उरले.

जे गेले त्यांचेही सारे सुरळीत झाले नाही. इथे ज्यांना शेकडो वर्षे शनिवार तेली म्हणून वेगळे ओळखले, त्यांना तिथे गेल्यावर १९६२ साली तिथल्या धर्मपीठाने विचारले की तुम्ही खरे यहुदी कशावरून? लग्न लावताना त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश निघाला. १९६४ च्या उन्हाळ्यात या लोकांनी, बायकामुलांसकट, जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर त्याच वर्षी तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहेत. पण तोवर मनाला जे लागायचे ते लागलेच असेल. त्याच लोकांनी पुढे तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालविले. म्हणजे नव्या देशात गेल्यावरही आपली मराठी त्यांनी सोडली नाही.

हे ऐकताना मला माझे दिवस आठवले. माझे माहेर दुधनीकडचे. घरात कानडी, शाळेत मराठी. लग्न होऊन अक्कलकोटला आले तर सासरी सारे मराठी. मी “पाणी आली” म्हणाले की जावा तोंडाला पदर लावून हसत. माहेरी गेले तर बहिणी म्हणत, ही आता मराठी झाली. दोन्हीकडे मी थोडी बाहेरचीच. चार वर्षे मी विहिरीवर आणि देवळात सोडून कुठे तोंड उघडले नाही. अशा वेळी मंडळातल्या एक वडीलधाऱ्या बाई मला हळदीकुंकवाला हात धरून घेऊन गेल्या. त्या आज हयात नाहीत. त्यांनी मला सांगितले, “तू आमच्या इथे कानडी ओव्या म्हण, आम्हाला कुठे येतात?” त्या दिवशी मी प्रथम मोठ्याने गायले. ही गोष्ट याच खोलीतली. मी ती विसरले होते आणि भाड्याच्या बाजूने हात वर केला होता.

जे इथे राहिले त्यांनी काय केले, हे मावशींकडे पाहून कळते. मुंबईत एव्हलिन पीटर्स यांच्या नावाचे ज्यू कम्युनिटी सेंटर आहे. जगभरच्या यहुद्यांना मदत करणारी अमेरिकेतली एक जुनी संस्था, १९१४ साली स्थापन झालेली, तिचा या केंद्राला आधार आहे. तिथे सणवार साजरे होतात, मुलांसाठी, बायकांसाठी आणि वृद्धांसाठी कार्यक्रम असतात. मावशींचे दोन्ही मुलगे इस्राएलला. यजमान वारल्यावर त्या सहा महिने घराबाहेर पडल्या नव्हत्या. गुडघे धरले, साखर वाढली. मग एक मैत्रीण त्यांना हाताला धरून केंद्रात घेऊन गेली. तिथे त्या बरोबरीच्या बायकांसह खुर्चीवर बसून करायचे व्यायाम शिकल्या. सकाळी त्या आमच्या वन्संना तेच व्यायाम करायला लावीत. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, खाली घ्यायचा. वन्सं कुरकुर करीत, तर मावशी म्हणत, “मी एकटी असताना मलाही हे कधी जमले नाही. चौघी बरोबर असल्या म्हणजे आकडे मोजायला कुणीतरी लागते, म्हणून जमते.”

मी एकदा त्यांना विचारले, “मावशी, तुम्ही आता इतक्या थोड्या उरलात. मग लोकलचा एवढा प्रवास करून तिथे कशाला जाता? फोनवर बोलता येत नाही का?”

त्या म्हणाल्या, “अगं, ठाण्यात मला सारे मावशी म्हणतात, जीव लावतात. पण माझ्या लहानपणचे नाव घेऊन हाक मारणारे तिथेच भेटतात. आणि एखाद्या वेळी मी गेले नाही, तर का आली नाहीस म्हणून फोन येतो. आम्ही थोड्या आहोत, म्हणूनच जागा हवी. पुष्कळ असतो तर रस्त्यातसुद्धा भेटलो असतो.”

हे ऐकून मी गप्प झाले. आपण सभेत उलटाच हिशेब केला होता. आठच जणी येतात म्हणून खोली नको, असे म्हटले होते.

अक्कलकोटला परत आल्यावर मी एक गोष्ट केली. मंगळवारी चार वाजता खोली उघडून चार खुर्च्या मांडल्या आणि मावशींनी शिकविलेले गुडघ्याचे व्यायाम करून दाखविले. पहिल्या दिवशी आम्ही पाच जणी होतो आणि हसूनच अर्धा वेळ गेला. आज तेरा जणी येतात. त्यांत दोघी यात्रेकरूंच्या लॉजमध्ये स्वयंपाकाला आणि झाडलोटीला येणाऱ्या बाहेरगावच्या आहेत. एक गुलबर्ग्याकडची, तिला मराठी धड येत नाही. तिला आकडे मोजायला सांगितले तर ती कानडीत मोजते, आणि आता सगळ्याच कानडीत मोजू लागल्या आहेत. हे पाहताना मला माझ्या त्या वडीलधाऱ्या बाईंची फार आठवण येते.

शिवणयंत्रांची गरज मी नाकारीत नाही. मुलींच्या पोटापाण्याचा प्रश्न खराच आहे. त्यासाठी गुरुवार आणि पौर्णिमा एवढेच दिवस खोली यात्रेकरूंच्या बायकामुलांना विसाव्यासाठी द्यावी आणि ती देतील ते घ्यावे, असे मला सुचते. त्यात भाड्याइतके पैसे येणार नाहीत; एक यंत्र यायला वर्ष लागेल, दुसऱ्याला दोन. पण मंगळवार आणि शनिवार आपले राहतील. कायमची दिलेली खोली परत मिळणे सोपे नसते, हे संसारी बाईला सांगायला नको. आणि कुणाच्या ओसरीवर बसायचे म्हटले तर त्या घरच्या सुनेला चहा करावा लागतो, सासूची मर्जी पाहावी लागते, आणि लॉजमध्ये झाडलोट करणारी बाई त्या ओसरीवर येणार नाही. ती आपल्या खोलीत येते, कारण ती खोली कुणा एकीची नाही.

कदाचित सभेत पुन्हा बहुमत भाड्याच्या बाजूने होईल. तसे झाले तरी मी मंडळ सोडणार नाही. लिलीबाईंनी केले तसे आपणही दुसरी जागा शोधू. परंतु ज्यांनी माझ्याबरोबर हात वर केला होता त्यांना एवढीच विनंती आहे की, वर्धापनदिनाच्या आधी एका मंगळवारी चार वाजता खोलीत या. एक खुर्ची घेऊन बसा, गुडघा सरळ करा आणि आमच्याबरोबर दहापर्यंत मोजा. मग सभेत जे वाटेल ते ठरवा.

ठाण्याच्या मावशींना मी परवा फोन करून हे सारे सांगितले. त्यांनी मंडळाला आशीर्वाद कळविले आहेत, आणि मलिद्याची कृती मला सांगितली आहे. वर्धापनदिनाला पोहे आणि खोबरे मी आणीन. केळी कुणीतरी आणावीत.

मंडळाची एक सभासद